चासीची बुजवलेली भोकं

बहुतेक माणसं उभं राहून नाहीतर खुर्चीत बसून पोट भरतात. मी आडवं पडून भरलं. तीसेक वर्षं चाकं लावलेल्या फळीवर उताणा पडून गाड्यांच्या पोटाखाली काम केलं. त्यामुळे वसईतल्या पुष्कळ गाड्या मला खालून ओळखू येतात आणि त्यांचे मालक चपलांवरून.

गाडीच्या तळाला गंज चढू नये म्हणून कोटिंग करणं हा माझा धंदा. लग्न ठरायच्या वेळी सासऱ्यांनी विचारलं, “म्हणजे नक्की काय करता?” मी म्हटलं, “गाड्यांना खालून काळं फासतो.” त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मुलगी दिली, पण पुढची चार-पाच वर्षं ते नातेवाइकांना ‘जावई गाड्यांच्या लाइनीत आहेत’ एवढंच सांगत.

माझी शेड कामणच्या रस्त्याला, चिंचोटीच्या अलीकडे होती. आता तिथे इमारतीचा पाया खणलाय. वसईची हवा खारी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधे चार महिने पाऊस. अशा हवेत लोखंडाने गंजू नये ही अपेक्षाच जास्त. तरी माणसं गाडी घेतात तेव्हा रंग बघतात, सीटकव्हर बघतात, आरशाला काय लटकवायचं त्यावर घरात चर्चा करतात. वाकून खाली कोणी बघत नाही.

वाकून बघणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. गंज दोन तऱ्हेचा. एक वरवरचा. तांबूस पूड बसल्यासारखा दिसतो, नखाने खरवडला की बोटाला लागतो आणि खाली लोखंड शाबूत असतं. हा वेळेत दिसला तर अर्ध्या दिवसाचं काम. दुसरा मुरलेला. त्याचे पापुद्रे सुटतात, कांद्यासारखे एकाखाली एक. तिथे माझं काम संपतं आणि वेल्डरचं सुरू होतं. वरवरच्याचा मुरलेला होऊ द्यायचा नाही, एवढ्यासाठीच माझा धंदा.

पद्धत सोपी आहे, फक्त धीर लागतो. आधी जोराच्या पाण्याने तळ धुवायचा, गोड्या पाण्याने. मग वाळवायचा, निदान दोन दिवस. मग तारेच्या ब्रशने गंज घासायचा, त्यावर गंज मारायचं औषध, मग प्रायमर आणि शेवटी रबरासारखं काळं जाड कोटिंग. सायलेन्सरला लावायचं नाही, ब्रेकला लावायचं नाही. यातला वाळवायचा भाग गिऱ्हाइकाला अजिबात पटत नाही. “दोन दिवस गाडी नुसती उभी?” असं ते विचारतात, जसं काही मी तिला उपाशी ठेवणार आहे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एव्हरशाईन सिटीतले जोगळेकर बँकेतून निवृत्त झालेले. गाडी आठवड्यातून एकदा काढायचे, भाजीला. बाकी सहा दिवस ती जाड कव्हराखाली. रोज सकाळी कव्हर काढून टप पुसायचे आणि पुन्हा कव्हर घालायचे. त्यांच्या गाडीचा तळ बघितला तर कोळ्याच्या होडीच्या नांगरासारखा लाल. मी सांगितलं, “साहेब, ओली गाडी झाकून ठेवू नका, ती घुसमटते.” ते म्हणाले, “अहो, पण धूळ बसते ना!” धुळीने गाडी मरत नाही हे त्यांना पटायला दोन वर्षं लागली.

एक नवरा-नवरी लग्नाच्या फोटोंसाठी नवी कोरी गाडी किनाऱ्यावर पाण्यात उभी करून आले होते. फोटो खरंच छान होते, मला मोबाइलवर दाखवले. लाट गाडीच्या दारापर्यंत आलेली. त्यांना म्हटलं, फोटोंचा अल्बम जपून ठेवा, गाडीचं काही सांगता येत नाही. नवरी हसली, नवरा हसला नाही.

आणि गावातली जुनी मंडळी. ती मे महिन्यात गाडीखाली जळकं ऑईल फवारून घेत आणि मला सांगत, “तुझ्या कोटिंगला काय सोनं लागलंय?” त्यात तथ्य होतं. जळकं ऑईल गंज थोपवतं. फक्त त्यावर धूळ चिकटते, रबरं फुगतात आणि पावसाळ्यात गाडी उभी राहील तिथे तेलाचं डबकं होतं. पण मी वाद घालत नसे. निदान ते वाकून बघत तरी होते.

या सगळ्यांत ज्याने एकही वर्ष चुकवलं नाही तो इनास. किल्ल्याजवळच्या बंदरावरून त्याचा टेम्पो मासळी घेऊन माणिकपूरच्या बाजारात येई. त्याची बायको रोझी तिथे मासळी विकायला पाटीवर बसे. मासळीच्या टेम्पोइतकं लोखंडाचं दुसरं दुर्दैव नाही. बर्फ वितळतो, त्यात मासळीचं खारं पाणी मिसळतं, ते फळ्यांतून झिरपतं आणि सगळं चासीवर उतरतं. चासी म्हणजे गाडीचा कणा. लोखंडाच्या दोन लांब, चौकोनी, पोकळ नळ्या असतात, त्यांवर सगळी गाडी बसलेली असते. म्हणून इनासच्या घरात कामाची वाटणी ठरलेली होती. टेम्पो चालवायचा त्याने आणि बाजारातून परत आलं की विहिरीच्या गोड्या पाण्याने वरून-खालून धुवायचा रोझीने. मे महिना लागला की टेम्पो माझ्या शेडमध्ये.

“मनूभाव, येला कुठंच भोक ठेवू नको,” तो म्हणे. “खारं पानी आत जाता कामा नये.”

मी ठेवत नसे. आणि इथेच माझी चूक सांगायची वेळ आली.

आमचं घर खाडीकाठचं. वडिलांची भातशेती खाजणात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीत. बांधाला चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, भोकं पाडतात. बोटाएवढ्या भोकातून भरतीचं पाणी आत आलं की शेत वर्षभरासाठी गेलं. शाळेतून आलो की वडील बांधावरूनच ओरडत, “आदी भोक बुजव, मंग जेव.” मी चिखलाचा गोळा करून कोंबायचो, टाचेने दाबायचो. भोक दिसलं की हात आपोआप तिकडे जायचा. ती सवय पुढे गाडीखालीही राहिली. चासीच्या नळीला खालून ठरावीक अंतरावर भोकं असतात. मला वाटे, कारखान्यात जोडणीसाठी पाडली असतील, काम झाल्यावर तशीच सोडली. मी ती लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवायचो आणि वरून कोटिंग असं फिरवायचो की भोक कुठे होतं ते मलाही सापडू नये. लोक बघून म्हणत, “वा, एकसारखं!” माझी ओळखच ती झाली होती. दुसऱ्यांच्या कामात खाचा दिसत, माझं काम गुळगुळीत.

ती भोकं पाणी आत यायला नसतात, बाहेर जायला असतात. पाणी नळीत वरून कुठून ना कुठून शिरतंच. बोल्टाच्या फटीतून शिरतं, नुसत्या दमट हवेनेही आत दव धरतं. ते खालून निघून जावं म्हणून भोकं ठेवलेली. खाजणाच्या बांधालाही आतलं पाणी ओहोटीला सोडायची झडप असते. ती उघडायला मी वडिलांबरोबर शंभरदा गेलो असेन. तरी हे माझ्या डोक्यात यायला इतकी वर्षं लागली.

ज्या दिवशी कळलं तो मे महिन्यातला दिवस. इनासचा टेम्पो नेहमीप्रमाणे आलेला. मी फळीवरून खाली सरकलो आणि हातोडीने चासी वाजवत निघालो. चांगलं लोखंड टणटण वाजतं. मागच्या चाकाच्या अलीकडे आवाज बसका आला, ओल्या भिंतीवर मारल्यासारखा. वर माझं कोटिंग काळंभोर, चकचकीत, कुठे ओरखडा नाही. मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि जरा जोर दिला. तो मुठीपर्यंत आत गेला.

मग पाणी आलं. आधी धार, मग भळाभळा. खारट, कुजकट, लोखंडाच्या वासाचं. माझ्या मानेवर, छातीवर, तोंडावर. किती वेळ येत होतं कोण जाणे. मी बाजूला सरकलो नाही. ते पाणी यायला लागताच मला सगळं कळलं होतं. नळी बाहेरून गंजली नव्हती, आतून गेली होती. आणि आतलं पाणी मीच कोंडलं होतं.

इनास गाडीशेजारी उभा होता. पाणी वाहत त्याच्या पायाशी गेलं.

“मनूभाव, ह्ये आत पानी कसं आलं?”

मला त्याच्या फक्त चपला दिसत होत्या. कदाचित म्हणूनच खोटं बोलणं सोपं गेलं. मी म्हटलं, “मासळीचंच आहे. रोजच्या रोज नीट धुतलं जात नसेल.”

“रोझी धुते ना रोज!”

“वरवर धुवत असेल. खाली पार आत पाइप घालावा लागतो.”

चपला वळल्या आणि दूर गेल्या.

नळीचा तेवढा तुकडा कापून नवा बसवायचा ठरला. त्यासाठी सलीमभाईंना बोलावलं. सलीमभाई म्हणजे आमच्या रस्त्यावरचे सगळ्यांत जुने वेल्डर, कमी बोलणारे. त्यांनी तुकडा कापून काढला, हातात फिरवला. लोखंडाचा पापड झाला होता, पण त्यात माझी लांबीची चकती जशीच्या तशी बसलेली. त्यांनी ती बोटाने वाजवली आणि माझ्याकडे बघत म्हणाले, “देखो भाऊ, लोहा गया, तुम्हारा माल नहीं गया.” तुकडा माझ्या हातात देऊन ते कामाला लागले. त्यांनी नंतर कधी कोणाकडे तोंड उघडलं नाही, याचे मला उपकार वाटले आणि लाजही वाटली.

मी इनासकडून मजुरी घेतली नाही. टेम्पो न्यायला आला तेव्हा त्याने माझे दोन्ही हात धरले. “तू हायस म्हणून गाडी वाचली. रस्त्यात मोडली असती तर? त्या दिवशी घरी जाऊन रोझीला चांगली फैलावर घेतली. इतकी वर्सं मनूभाव जीव तोडून काम करतो आनि तुला धड धुवायला नको! आता दिवसातून दोनदा धुते, खाली झोपून.”

हे त्याने मला खूष करायला सांगितलं. मी म्हटलं, “जाऊ दे, आता झालं ते झालं.” त्याच वेळी खरं सांगून टाकलं असतं तर फार तर पाच मिनिटं वाईट गेली असती. पण तो माझे हात धरून उभा होता आणि मला ते सोडवेनात.

त्याऐवजी मी दुसरं काम काढलं. ज्यांच्या ज्यांच्या गाड्यांची भोकं बुजवली होती त्यांना फोन लावायला सुरुवात केली. कोणाला खरं कारण सांगितलं नाही. ‘पावसाळ्याआधी तळाची मोफत तपासणी’ असं सांगितलं. एकाने विचारलं, “मोफत? मग पुढे काय विकणार?” एकजण म्हणाला, गाडी विकली, आता ती नाशिकला असते. त्या गाडीची भोकं आजही बुजलेली असतील. जोगळेकरांनी तर त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की असा प्रामाणिक कारागीर आजकाल मिळत नाही. दुसऱ्या दिवशी मी कधी हातही न लावलेल्या गाड्यांची शेडबाहेर रांग लागली.

मी एकेका गाडीखाली जायचो, बोटाने चाचपून जुनी जागा शोधायचो आणि कोटिंग कापून भोक मोकळं करायचो. पुष्कळ गाड्या कोरड्या निघाल्या. काहींतून पाणी आलं. दोन गाड्यांच्या आत गंज धरायला लागला होता, पण वरवरचा. तिथे औषध आणि मेणासारखं पातळ तेल मारून निभावलं. फळीवर पडल्या पडल्या कानावर यायचं, “काय माणूस आहे हो!” एरवी अशा कौतुकाने मी फुगलो असतो. त्या दिवसांत कोणी तोंड भरून बोललं की मला वरची गाडी अंगावर यावी असं वाटे.

मासेमारीची बंदी लागायला आठवडा राहिला होता. माझी बायको माणिकपूरच्या बाजारात गेली आणि रोझीकडून बोंबील घेऊन आली. पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता म्हणाली, “रोझीच्या दोन्ही कोपरांना चिंध्या बांधल्यात. गाडीखाली सरपटून खरचटतं म्हणे. आणि अहो, तिने वाट्यात चार बोंबील जास्त घातले. विचारत होती, मनूभाव अजून रागावलेत का माझ्यावर?”

मी पानावर बसलो. बायकोने बोंबील कुरकुरीत तळले होते, माझ्या आवडीचे. मी भात कालवत राहिलो. शेवटी तिनेच विचारलं, “काय झालंय?” तेव्हा मी तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्यापुढचं ताट उचललं. म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांगा.”

रविवारी दुपारी गेलो. बाजार उरकून ती दोघं घरी आली असणार हे माहीत होतं. इनासचं घर किल्ल्याच्या पलीकडे, अंगणात दोन माड आणि त्यांच्या सावलीत टेम्पो. इनास पडवीत बसून जाळ्याची दोरी सोडवत होता. मला बघून उठला, आतून खुर्ची आणायला निघाला. मी म्हटलं, “खुर्ची राहू दे, आधी ऐक.” टेम्पोखालून रोझीचे पाय बाहेर दिसत होते. अंगाखाली गोणपाट, आणि पाण्याचा आवाज येत होता.

मी सांगितलं. भोकं कशाला असतात, मी ती दर वर्षी कशी बुजवली, पाणी आत कसं साचलं. खोटं बोललो तेही सांगितलं. बांधावरच्या सवयीचं कारण पुढे केलं नाही.

इनास दोरीकडे बघत ऐकत होता. “म्हंजे भोक तू बुजवलं.”

“मी.”

“मीच बोल्लो होतो ना, भोक ठेवू नको.”

“तू बोललास, पण धंदा माझा आहे. कळायला मला पाहिजे होतं.”

“तवाच का नाय सांगितलं?”

“लाज वाटली,” मी म्हटलं. “इतकी वर्षं तू माझ्यावर भरवसा टाकलास.”

मला वाटलं, आता उठून दोन थोबाडीत देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तो दोरी खाली ठेवून टेम्पोजवळ गेला आणि वाकला.

“रोझी, भायेर ये.”

आतून आवाज आला, “मागच्या चाकावरचे पाटे ऱ्हायलेत.”

“ऱ्हाऊ दे. भायेर ये. मनूभाव आलाय. म्हनतो, तुझं काय चुकलं नव्हतं. त्याच्याच हातनं झालं.”

पाण्याचा आवाज तसाच चालू राहिला. आम्ही दोघं पुरुष तिथे उभे. मग ती कोपरांवर रेटत बाहेर आली. केस ओले, गालावर चिखल. मला बघून तिने सवयीने पदर सारखा केला. मी तिच्यासमोर हात जोडले आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, यावेळी तिच्या तोंडाकडे बघून.

ती रागावली नाही. चिंधी बांधलेलं कोपर दुसऱ्या हाताने धरून तिने सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाली, “मी रोज धुतलं होतं, भाव. एक दिवस चुकवला नाय. पन तुमी बोल्लात ना, म्हणून मलाच वाटाया लागलं, की नसेल धुतलं.”

इनासने तिच्या हातातला पाइप घेतला, गोणपाट ओढून सारखं केलं आणि गाडीखाली शिरला. मागचे पाटे त्या दिवशी त्याने धुतले.